मासा फिका का पडला, काळा का झाला? रंगाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात खाद्यातल्या प्रथिनांवर लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली पण बऱ्याच जणांनी विचारलंय ते वेगळंच, रंगाचं. कुणाचा कोय (हौसेनं पाळतात तो रंगीत कार्प मासा) फिका पडलाय, कुणाच्या तिलापियावर काळे डाग आलेत, कुणाला सॅल्मन खावा की नाही हेच कळत नाहीये. म्हणून या वेळी सगळे रंगाचेच प्रश्न घेतलेत. एक आधीच सांगते, रंग बदलला की आपण पहिलं फीडचं पोतं बदलतो, आणि माझा आग्रह आहे की ते सगळ्यात शेवटी करा, आधी टाकीचा रंग, उजेड, पाणी आणि माशाचे डोळे बघा. का ते पुढे येईलच.

प्रश्न : ताई, सिमेंटच्या टाकीत कोय वाढवतोय. आणले तेव्हा लाल रंग एकदम भडक होता, आता पिवळट केशरी झालाय. कलर फीड सुरू करून पंधरा दिवस झाले, काडीचाही फरक नाही. फीड बोगस असेल का?

उत्तर : पंधरा दिवसांत फरक दिसणारच नाही हो, त्यामुळे फीडला इतक्यात बोगस ठरवू नका. माशाच्या कातडीत रंगाच्या वेगवेगळ्या पेशी असतात, काळ्या-तपकिरी रंगाच्या मेलॅनोफोर, पिवळ्या झँथोफोर, लाल एरिथ्रोफोर, आणि चमकणाऱ्या इरिडोफोर, ज्यांच्यात रंगद्रव्य नसतंच, ग्वानिनचे पातळ स्फटिक असतात आणि त्यांच्यावरून उजेड परत फिरला की आपल्याला चंदेरी किंवा निळसर दिसतं. यातलं काळं मेलॅनिन मासा स्वतः तयार करतो, टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून. पण लाल, केशरी, पिवळा यांच्यामागे मुख्यतः जी कॅरोटिनॉइड असतात ती कुठलाही मासा शून्यातून बनवू शकत नाही, ती पोटातूनच यावी लागतात. मातीच्या तळ्यात कोय दिवसभर तळ उकरत असतो, शेवाळ खातो, बारीक किडे, पाणपिसवा खातो, त्यातून त्याला हे फुकट मिळत असतं, आणि तुमच्या टाकीत पाणी गाळलेलं, भिंती घासलेल्या, म्हणजे जे काही मिळायचं ते फक्त तुमच्या हातातल्या दाण्यातून.

आता बघा, कोय आणि गोल्डफिशकडे एक सोय आहे जी सगळ्या माशांकडे नसते. झिअझँथिन नावाचं पिवळं कॅरोटिनॉइड मिळालं तर त्याच्यापासून ते लाल अस्टाझँथिन स्वतः बनवू शकतात. म्हणून स्पिरुलिना (खाद्यात घालतात ते निळं-हिरवं शेवाळ) त्यांना लागू पडते, तिच्यात झिअझँथिन आणि बीटा कॅरोटिन दोन्ही आहे (स्पिरुलिनाचा निळा-हिरवा रंग माशावर चढेल अशी भीती एका पत्रात होती, तसं काही होत नाही). झेंडूच्या अर्कातलं मुख्य रंगद्रव्य ल्युटिन, त्यातून पिवळेपणा जास्त मिळतो, तुम्हाला लाल हवा असेल तर नुसत्या झेंडूवर विसंबू नका. पाकिटावर नुसतं 'कलर एन्हान्सर' लिहिलेलं असेल आणि आत कुठलं रंगद्रव्य आहे ते लिहिलेलं नसेल तर मी तरी ते घेणार नाही.

वेळेचं म्हणाल तर साधारण चार ते आठ आठवडे धरा. रंगद्रव्य आतड्यातून शोषलं जाणार, रक्तातून कातडीत येणार, पेशीत साठणार, हे सगळं हळू चालतं, आणि थंड पाण्यात मासा खातच कमी असेल तर अजून हळू. कॅरोटिनॉइड तेलात विरघळतात म्हणून फीडमध्ये पुरेशी चरबी नसली तर बरंचसं तसंच बाहेर पडतं. शिवाय उजेड, उष्णता आणि हवा या तिघांनी ती खराब होतात, उघडं पोतं उन्हात टाकीशेजारी ठेवून महिनाभर वापरलं तर शेवटी शेवटी तुम्ही साधंच खाद्य घालताय असं समजा. लहान पॅक घ्या, घट्ट बंद करा, अंधारात ठेवा.

आणि जास्त घालू नका, हे मी हात जोडून सांगते. लाल-पांढरा कोय असेल तर अति रंगखाद्याने पांढरा भाग पिवळसर गुलाबी व्हायला लागतो, लाल वाढवायच्या नादात पांढरा जातो आणि मग तो परत आणायला खाद्य बंद करून वाट बघत बसावं लागतं. शेवटची गोष्ट, ज्या माशाच्या वंशातच गडद लाल नाही त्याला कितीही खाऊ घातलं तरी तो होणार नाही, खाद्याने असलेली ताकद बाहेर येते एवढंच.

प्रश्न : विक्रीसाठी मासे काळ्या टाकीतून पांढऱ्या बादलीत काढले की पाच मिनिटांत फिके पडतात. गिऱ्हाईक म्हणतं मासा आजारी आहे. खरंच आजारी असतो का?

उत्तर : नाही, तो फक्त बादलीच्या रंगाशी जुळवून घेतोय, आणि थोडा घाबरलेलाही असतो. रंग बदलायच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्या वेगळ्या ओळखायला शिकलात तर निम्मे प्रश्न सुटतात. एक झटपट बदल. काळ्या पेशीच्या आत मेलॅनिनचे कण असतात, ते पेशीभर पसरले की मासा गडद दिसतो आणि मधोमध गोळा झाले की फिका, रंगद्रव्य तेवढंच असतं पण जागा बदलते, म्हणून हे काही सेकंदांत-मिनिटांत होतं. मज्जातंतू आणि हार्मोन दोन्ही हे चालवतात. पसरवणारं हार्मोन एमएसएच, गोळा करणारं एमसीएच, हे दुसरं १९८३ साली चम सॅल्मनच्या पिट्युटरी ग्रंथीतून वेगळं काढलं गेलं आणि नंतर कळलं की माणसाच्या मेंदूतही ते आहे आणि भुकेशी त्याचा संबंध आहे.

दुसरा बदल सावकाश. मासा आठवडेच्या आठवडे पांढऱ्या किंवा काळ्या पार्श्वभूमीवर राहिला की काळ्या पेशींची संख्याच कमी-जास्त होते, पेशीत बनणारं मेलॅनिनही बदलतं. हा बदल बादली बदलून पाच मिनिटांत जात नाही. तुमचा पहिला प्रकार आहे. गिऱ्हाइकाला दाखवायला गडद रंगाचं भांडं वापरा, मासा थोडा शांत होऊ द्या, बस.

प्रश्न : टाकीत दोनशेच्या वर मासे आहेत, सगळे नॉर्मल पण एकच मासा काळाकुट्ट झालाय. खातो पण कमी. बाकीच्यांना लागण होईल का?

उत्तर : हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो कारण एकटाच काळा पडलेला मासा काहीतरी सांगत असतो आणि लोक त्याला 'वेगळ्या जातीचा आला असेल' म्हणून सोडून देतात.

आधी त्याचे डोळे बघा. मासा आजूबाजूचा रंग डोळ्यांनीच ओळखतो, वरून येणारा उजेड डोळ्याच्या पडद्याच्या खालच्या भागावर पडतो आणि तळावरून परत आलेला उजेड वरच्या भागावर, या दोन्हींची तुलना करून त्याला कळतं की तळ फिका आहे की गडद. डोळे गेले की ही तुलनाच बंद, आणि मग बहुतेक मासे गडद होऊन बसतात. डोळा धुरकट, पांढरा, सुजलेला दिसतोय का, हाताची सावली पडली तर दचकतो का, दाणा पाण्यात पडताना बघतो की वासावर शोधतो, एवढं बघितलं तरी कळतं. कार्ल फॉन फ्रिश, ज्यांना मधमाश्यांच्या नाचाच्या अभ्यासासाठी १९७३ साली नोबेल मिळालं, त्यांनी १९११ सालीच मिनो नावाच्या लहान माशावर दाखवलं होतं की आंधळ्या माशाच्याही डोक्यावर ठरावीक जागी उजेड पडला की त्याचा रंग बदलतो, म्हणजे डोळ्यांशिवाय मेंदूजवळ पिनियल भागातही उजेड ओळखायची सोय आहे. पण रोजच्या रंगाचा कारभार डोळ्यांकडेच.

डोळे ठीक असतील तर दुसरी शक्यता, त्याला बाकीचे मारतायत. दबलेला मासा गडद होतो, ही त्याची हार मानल्याची खूण असते आणि ती दिसली की मारणारा थोडा थांबतो. अटलांटिक सॅल्मनमध्ये हे नीट पाहिलं गेलंय, हरलेल्याचं अंग आणि डोळ्याचा पांढरा भाग दोन्ही काळवंडतात. तिलापियातही डोळा गडद झालेला दिसतो. पर फाटलेत का, कोपऱ्यात किंवा पाण्याच्या तोंडाशी एकटा उभा असतो का बघा, आणि तसं असेल तर आकारानुसार मासे वेगळे करा, हे औषधाने जाणारं नाही.

तिसरं, आजार. आजारी, अशक्त मासा बऱ्याचदा गडद होऊन पृष्ठभागाजवळ रेंगाळतो. ट्राउटमध्ये तर फक्त शेपटीकडचा भाग काळा पडतो, ही व्हर्लिंग डिसीजची ओळखीची खूण, कारण तो परजीवी पिल्लाच्या कूर्चेत शिरतो, मज्जातंतूंवर दाब येतो आणि त्या भागातल्या रंगपेशींवरचा ताबाच सुटतो. तुमच्या माशाला वेगळ्या टाकीत काढा, चार दिवस बघा, आणि दुसरा-तिसरा मासाही काळा पडायला लागला तर मग थांबू नका, जिवंत मासा पाण्यासकट तपासणीला न्या, मेलेला नेऊन फारसा उपयोग होत नाही.

प्रश्न : लाल तिलापियाची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणली, सुरुवातीला एकसारखी गुलाबी होती. पाणी गार झाल्यापासून अंगावर काळे डाग पडतायत. व्यापारी अर्ध्या भावात मागतो. काही उपाय?

उत्तर : तुमचा वैताग कळतोय. लाल तिलापिया हा मुळात निसर्गात असा सापडणारा मासा नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी तैवानमध्ये मोझांबिक तिलापियाची एक लालसर उत्परिवर्तित मादी आणि नाइल तिलापियाचा नर यांच्या संकरातून पहिला लाल वाण तयार झाला आणि नंतर जगभर वेगवेगळे वाण निघाले. त्यामुळे काळं करायची क्षमता त्यांच्यात झाकलेली असते, गेलेली नसते, आणि वाण जितका कमी निवडीचा तितके डाग जास्त. थंडीत काही वाणांवर डाग वाढतात हे नोंदवलेलं आहे, पाणी परत कोमट झालं की त्यातले काही फिके होतात पण सगळे जात नाहीत.

आत्ता करण्यासारखं म्हणजे पाणी फार गार होऊ न देणं, पाणी खोल असेल तिथे मासे ठेवणं, गर्दी कमी करणं, विनाकारण जाळं न मारणं. रंगखाद्याने लाली थोडी वाढेल पण काळा डाग खाद्याने पुसला जात नाही, ती वेगळी पेशी आहे, तिचा कॅरोटिनॉइडशी संबंध नाही, इथे लोक खूप पैसे घालवतात म्हणून मुद्दाम लिहितेय. खरा उपाय बीजात आहे. डाग असलेले मासे पैदाशीत ठेवायचे नाहीत, पिढ्यान्पिढ्या, आणि बोटुकली घेताना विचारायचं की आईबाप मासे दाखवा. जो दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका. आणि डागी मासा खायला अगदी तसाच असतो, त्याला अर्धा भाव देणं मला पटत नाही, पण बाजार डोळ्यांनी खातो हेही खरंय.

प्रश्न : समुद्रात पिंजऱ्यात सी ब्रीम वाढवतो. जंगली मासा गुलाबी लाल, आमचा काळपट राखाडी. खाद्यात अस्टाझँथिन आहे तरीही. आता काय राहिलं?

उत्तर : ऊन राहिलं! आणि जाळीचा रंग राहिला. रेड सी ब्रीम मोकळ्या समुद्रात बराच खोल राहतो, तिथे उजेड मंद असतो. तुम्ही त्याला वरवरच्या पिंजऱ्यात ठेवलंय, अतिनील किरणं थेट पडतायत, आणि तो आपल्यासारखाच रापतो, मेलॅनिन वाढतं. लाल आत असतो पण वर काळा थर चढलेला असतो, मग अस्टाझँथिन कितीही घाला ते दिसणार कुठे. पिंजऱ्यावर काळं शेडनेट ताणायचं हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे, सी ब्रीम पाळणारे तो वापरतातच, शक्य असेल तर पिंजराही खोल न्यायचा. रेड पोर्गी नावाच्या त्याच्या भाऊबंदातही पाळल्यावर हीच काळवंडायची तक्रार असते.

जाळीचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात स्नॅपर या जवळच्या माशावर काम झालंय, काळ्या जाळीतून पांढऱ्या पिंजऱ्यात हलवल्यावर मासा फार लवकर उजळतो, आठवडे लागत नाहीत. म्हणजे वर सांगितलेला झटपट बदलच इथे कामाला येतो. काढणीआधी काही आठवडे अस्टाझँथिनचं खाद्य आणि शेवटी थोडा काळ पांढऱ्या पिंजऱ्यात, हा क्रम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण महागडं रंगद्रव्य वर्षभर घालावं लागत नाही. खाद्यात मात्र अस्टाझँथिनच हवं, सी ब्रीमला कोयसारखं झिअझँथिनपासून ते बनवता येत नाही. क्रिल (कोळंबीसारखा बारीक समुद्री जीव), कोळंबीच्या कवचाची पूड, हिमॅटोकॉकस शेवाळ, फाफिया यीस्ट, कारखान्यात बनवलेलं, यातलं काहीही चालतं, फरक किमतीचा आणि किती शोषलं जातं याचा.

मग सगळ्यांनी टाक्या पांढऱ्या कराव्यात का असं एक जोडपत्र आहे. तसं सरसकट नाही सांगता येत. बारफिन फ्लाउंडर हा चपटा मासा पांढऱ्या टाकीत जास्त खातो आणि जास्त वाढतो असं जपानमध्ये दिसलंय, तिथे तेच एमसीएच हार्मोन वाढलेलं सापडतं. पण काही जातींना पांढऱ्या टाकीत लपायला जागा नाही असं वाटून ताण येतो. एका टाकीवर करून बघा, खाणं आणि वाढ मोजा, मग बाकीच्या.

प्रश्न : पाळलेल्या सॅल्मनला रंग मारतात हे खरं आहे का? मग तो खायचा का?

उत्तर : मांसात रंगाचं इंजेक्शन देतात, किंवा कापल्यावर रंगात बुडवतात असं फिरतंय ते सॅल्मन पाळायच्या पद्धतीबद्दल खरं नाही. जंगली सॅल्मन क्रिल आणि कोळंबीसारखे प्राणी खातो, त्यातलं अस्टाझँथिन त्याच्या स्नायूत साठतं, विणीच्या वेळी तेच रंगद्रव्य मांसातून निघून कातडीत आणि अंड्यांत जातं, म्हणून विणीला आलेल्या काही सॅल्मनची कातडी लालभडक आणि मांस फिकं असतं. पाळलेल्याला ते खाद्यातून द्यावं लागतं, नाही दिलं तर मांस राखाडी पांढरं राहतं. खाद्यातलं अस्टाझँथिन बहुतेक वेळा कारखान्यात बनवलेलं असतं, रेणू तोच, फक्त त्याच्या आरशातल्या प्रतिमांसारख्या रूपांचं प्रमाण वेगळं असतं, त्यावरूनच प्रयोगशाळेत जंगली-पाळलेला ओळखता येतो.

त्याला मर्यादा आहेत. युरोपीय संघात सॅल्मन-ट्राउटच्या खाद्यात अस्टाझँथिन किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. कँथाझँथिन नावाचं दुसरं लाल रंगद्रव्य आहे, त्याची मर्यादा २००३ मध्ये ८० वरून २५ मिलिग्रॅमवर आणली, कारण माणसांनी त्याच्या टॅनिंगच्या गोळ्या भरपूर खाल्ल्यावर डोळ्याच्या पडद्यावर स्फटिक साठलेले दिसले होते. माशातून तेवढं पोटात जात नाही, पण मर्यादा घातली ते बरं केलं. आणि लालपणा म्हणजे ताजेपणा असं समजू नका, चिनूक सॅल्मनमध्ये काही मासे जन्मतःच पांढऱ्या मांसाचे असतात, तेच खाऊन, त्याच पाण्यात, फक्त जनुकांमुळे. खायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण रंगाच्या भीतीने सोडू नका.

प्रश्न : आमचं उलटंच आहे. पंगासियसचं मांस पांढरं पाहिजे आणि येतंय पिवळं.

उत्तर : खाद्यात मका किंवा मक्याचं ग्लुटेन किती आहे बघा, पहिला संशय तिथेच. मक्यात ल्युटिन आणि झिअझँथिन भरपूर असतं आणि ते पंगासियसच्या मांसात-चरबीत साठतं. दुसरं, पाणी गर्द हिरवं असेल तर शेवाळातूनही तेच जातं. कोयवाल्याला मी जे मिळवायला सांगितलं तेच तुम्हाला टाळायचंय, बघा. काढणीआधी काही आठवडे मका नसलेलं खाद्य द्या, पाणी बदलून हिरवेपणा कमी करा, हळूहळू उतरतं. पण कातडी, डोळे, पोटाखालचा भागही पिवळा दिसत असेल आणि मासे सुस्त असतील, मरत असतील, तर ती काविळीसारखी स्थिती असू शकते, यकृत आणि रक्ताचा प्रश्न, मग मका बंद करून भागणार नाही, तपासून घ्या.

प्रश्न : हॅचरीत चपट्या माशांची पिल्लं निघाली, त्यातली कितीतरी वरच्या बाजूनं पांढऱ्या चट्ट्यांची आहेत, काही खालून काळी. मोठी झाल्यावर भरून येईल का?

उत्तर : पांढरे चट्टे बहुतेक येणार नाहीत भरून, खोटी आशा देत नाही. फ्लाउंडर, टर्बट, हॅलिबट सगळ्यांत हे होतं. पिल्लू आधी साध्या माशासारखं उभं पोहतं, मग त्याचा एक डोळा सरकून दुसऱ्या बाजूला जातो आणि ते आडवं होतं, या रूपांतराच्या आधीच्या थोड्या दिवसांत खाद्यात काय होतं त्यावर वरच्या बाजूचा रंग ठरतो. आर्टेमिया म्हणजे पिल्लांना चारतात तो बारीक जिवंत खाऊ, त्यात मूळचं डीएचए (ओमेगा-३ प्रकारचं मेदाम्ल) जवळजवळ नसतंच, म्हणून नुसत्या आर्टेमियावर वाढवलेल्यात चट्टे जास्त, आणि अॅरॅकिडोनिक आम्ल हे दुसरं मेदाम्ल जास्त झालं तरी रंग बिघडतो. पुढच्या खेपेला आर्टेमिया देण्याआधी डीएचए असलेल्या तेलावर पोसून घ्या, शक्य असेल तर सुरुवातीला कोपेपॉड हे पाण्यातले सूक्ष्म जीव द्या, त्याने रंग फार चांगला येतो. खालची बाजू काळी होणं हा जरा वेगळा प्रकार आहे, तो पुढे उघड्या, गुळगुळीत तळावरही वाढत जातो, जपानी फ्लाउंडरमध्ये तळाला वाळू घातल्यावर तो कमी झालेला दिसलाय.

प्रश्न : गोल्डफिश आधी केशरी होता, आता पांढरा व्हायला लागलाय. दुसऱ्याच्या अंगावर अचानक काळे डाग. मुलगी रडतेय, मासे मरणार का?

उत्तर : मुलीला सांगा, पांढरा होणारा मासा मरत नाहीये. गोल्डफिश जन्मतः राखाडी-तपकिरी असतात, नंतर काळ्या पेशी नाहीशा होऊन केशरी दिसायला लागतो, आणि काहींमध्ये हा बदल पुढेही चालू राहून केशरीही जातं. तसंच ब्लॅक मूर हा काळा गोल्डफिश वयानुसार केशरी होतो. फक्त टाकी अंधाऱ्या कोपऱ्यात नाही ना बघा, खूप दिवस अंधारात ठेवलेला गोल्डफिश फिका पडतो.

काळ्या डागांकडे मात्र लक्ष द्या. जखम किंवा जळजळ भरून येताना काळ्या पेशी तिथे जमतात, त्यामुळे डाग हे बरं होत असल्याचं लक्षण असू शकतं, पण मग आधी जळजळ झाली कशाने हा प्रश्न उरतोच आणि घरच्या टाकीत त्याचं उत्तर बहुतेक अमोनिया असतं. आजच पाणी तपासा, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवं. थोडं थोडं पाणी बदला, सगळं एकदम नको.

प्रश्न : निऑन टेट्रा रोज सकाळी एकदम फिके दिसतात, लाइट लावला की थोड्या वेळाने परत चमकतात. आजार?

उत्तर : नाही. रात्री ते असेच होतात, त्या पट्ट्यातले इरिडोफोरचे स्फटिक अंधारात जागा बदलतात. दिवसा उजेडातही पट्टा पांढुरका, तुटक दिसला तर मात्र परत लिहा.

प्रश्न : आमच्या भागात गुलाबी, जांभळे, हिरवे असे चमकदार मासे विकायला आलेत, पिल्लं काढली तर पिल्लं साधीच निघाली. फसवणूक झाली का?

उत्तर : हो, झाली, आणि तुमच्यापेक्षा जास्त त्या माशांवर अन्याय झालाय. काचमासा, ज्याच्या अंगातून आरपार दिसतं, त्याच्या कातडीखाली सुईने रंग टोचतात. काही माशांना आधी अंगावरचा चिकट थर रसायनाने काढून रंगात बुडवतात. तो चिकट थर म्हणजे माशाचं जंतूंपासूनचं पहिलं संरक्षण, तो काढल्यावर कितीतरी मासे तिथेच मरतात आणि जे उरतात ते संसर्गाला बळी पडतात, टोचलेल्या काचमाशांत लिम्फोसिस्टिस हा विषाणूचा आजार जास्त सापडलाय. रंग काही महिन्यांत उतरतोच. तिसरी चलाखी हार्मोनची, सिक्लिड गटातल्या माशांच्या मादीला मिथाइल टेस्टोस्टेरॉन हे नर-हार्मोन खाऊ घालतात, ती नरासारखी रंगीत होते, विकली जाते, आणि घरी आल्यावर रंगही जातो आणि तिची वीणही बिघडते.

जनुक बदललेले चमकणारे झेब्रा मासे ही वेगळी गोष्ट, १९९९ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात जेलीफिशचं जनुक घालून ते तयार झाले आणि नंतर अमेरिकेत ग्लोफिश नावाने विकायला आले, त्यांचा रंग पिल्लांत उतरतो, पण कित्येक देशांत ते विकायला बंदी आहे. तुमच्याकडे पिल्लं साधी निघाली म्हणजे ते हे नव्हेत, रंगवलेलेच. एकाच जातीचा मासा एकाच टाकीत पाच भडक रंगांत दिसला, रंग फक्त पाठीवर किंवा पोटावर पट्टीसारखा असला, पर मात्र बिनरंगी असले, की समजून जा. घेऊ नका, आणि दुकानदाराला का घेत नाही तेही सांगा, मागणी थांबली की हे टोचणं थांबतं. तुमच्याकडे आहेत त्यांना फेकू नका, त्यांची चूक नाही. स्वच्छ पाणी द्या, गर्दी करू नका, पोटभर खायला घाला, रंग उतरला की ते साधेच छान दिसतील.